‘संथ आहे’ म्हणजे नेमकं काय?

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



सुरुवातीलाच एक खुलासा करतो. आज आम्ही ‘आम्ही’ असंच बोलणार आहोत. त्यात संपादकीय थाट वगैरे काही नाही. आमच्या घरातून सिनेमाची तिकिटं दोन निघतात आणि परत येताना मत मात्र एकच असतं, निदान बाहेर सांगायला तरी. (हशा) तेव्हा माइकसमोर तोंड एक असलं तरी मतं दोघांची आहेत. आमच्यातलं अर्धं माणूस समोर दुसऱ्या रांगेत बसलंय आणि चुकलं तर तिथून हात वर होणार आहे.

दुसरी गोष्ट, आम्ही समीक्षक नाही. महिन्यातून एखादा सिनेमा बघणारी, मध्यंतरात सामोसा खाणारी माणसं आहोत. संयोजकांनी विचारलं, ‘अलीकडे पाहिलेल्या चित्रपटांबद्दल बोलाल का?’ आम्ही हो म्हटलं, कारण बोलायला काय लागतं! घरी बसून यादी केली, प्रत्येक सिनेमापुढे आपण काय म्हणालो ते लिहिलं आणि जरा चपापलोच. इतके सिनेमे पाहून आमच्याकडे मतं तीनच होती. एक, ‘रडवलं हो!’ दोन, ‘काम काय केलंय!’ आणि तीन, ‘संथ आहे.’ सगळे सिनेमे या तीन डब्यांत बसत होते.

तर या तीन वाक्यांसाठी २०२५ सालचे तीन मराठी चित्रपट घेतो. मोठे निष्कर्ष नाही काढायचे. आपण जे बोलतो त्याच्या मागे काय असतं, एवढंच बघायचंय.

पहिला ‘आता थांबायचं नाय!’ एक मे रोजी आला, म्हणजे महाराष्ट्र दिनी आणि कामगार दिनी. दिग्दर्शक शिवराज वायचळ. मुंबई महापालिकेतल्या चतुर्थ श्रेणी कामगारांची गोष्ट आहे, खऱ्या घटनेवरून घेतलेली. अर्धं आयुष्य कामात गेलेली माणसं रात्रशाळेत जाऊन दहावीची परीक्षा देतात. भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव, म्हणजे ज्यांना बघून आपण आधीच हसायची तयारी करतो असे दोन नट, इथे हात राखून काम करतात. आशुतोष गोवारीकर अधिकाऱ्याच्या भूमिकेत आहेत.

चित्रपट चांगला आहे. परीक्षा म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांच्याच पोटात गोळा येतो, तो पन्नाशीच्या माणसाच्या पोटात आलेला बघणं यातच अर्धी गंमत आणि अर्धं रडू आहे. आम्ही दोघंही रडलो. एक उघडपणे, एक चष्मा पुसत. कुठे रडायचं ते संगीत जरा आधीच सांगतं, ही आमची तक्रार आहे, पण ती किरकोळ.

खरी गोष्ट त्यानंतरची. नामावली सुरू झाली, दिवे लागले, आम्ही नाक पुसत उठलो. दाराशी दोन कामगार उभे होते. एकाच्या हातात झाडू, दुसऱ्याकडे मोठी काळी पिशवी. आम्ही बाहेर पडायची वाट बघत होते, कारण पुढच्या खेळाआधी सगळं साफ करायचं होतं. आमच्या खुर्चीखाली पॉपकॉर्न सांडलेलं होतं आणि पेल्यात उरलेलं पेय तसंच होतं. दोन तास आम्ही सफाई कामगारांसारख्याच कष्टकऱ्यांसाठी डोळे गाळले होते आणि समोर उभ्या असलेल्या माणसाकडे न बघता बाहेर आलो. बाहेर येऊन म्हणालो, ‘रडवलं हो!’

हे दोन दिवसांनी लक्षात आलं, तेही एकीच्या. ती म्हणाली, ‘आपण पेला तरी उचलायचा होता.’

म्हणजे ‘रडवलं’ या शब्दात गडबड काय आहे? तो शब्द पावतीसारखा आहे. तिकिटाचे पैसे दिले, अश्रू मिळाले, व्यवहार पूर्ण. चित्रपटातल्या माणसांची शाळा मुळात सुटली का? कोणाच्या वाट्याला अशी कामं पिढ्यान् पिढ्या येतात? चांगला अधिकारी भेटला नसता तर काय झालं असतं? हे प्रश्न चित्रपटानं किती विचारले, यावर वाद घालता येईल. आमचं म्हणणं, अजून विचारायला हवे होते. पण तो वाद घालायच्या आधीच आम्ही रडून मोकळे झालो होतो.

आता दुसरं वाक्य. ‘काम काय केलंय!’

‘दशावतार’, १२ सप्टेंबर २०२५, दिग्दर्शक सुबोध खानोलकर. ऐंशी ओलांडलेले दिलीप प्रभावळकर यात दशावतारी कलावंत झाले आहेत. आपल्या पिढीनं या माणसाला ‘चौकट राजा’त पाहिलंय, ‘हसवाफसवी’त एकाच नाटकात सहा माणसं होताना पाहिलंय. आता या वयात, रंग लावून, कोकणातल्या रानात! बाहेर येऊन सगळं थिएटर एकच वाक्य बोलत होतं. आम्हीही.

वाक्य खोटं नाही. पूर्वार्धातला बापलेकाचा भाग, वय झालं तरी न सुटणारी रंगभूमी, घरात हवी असलेली विश्रांती आणि अंगात भिनलेलं सोंग यांची ओढाताण, हे सगळं फार छान आहे. आमच्यापैकी एकाचं आजोळ कुडाळच्या बाजूला. लहानपणी जत्रेत रात्रभर धयकालो बघितलेला. त्यामुळे पेटारा, पेट्रोमॅक्स, संकासुर हे शब्द नुसते उच्चारले तरी अंगावर काटा येतो.

आणि त्यामुळेच एक खटकलं. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, आणि नट ऐन वेळी समोरच्याच्या डोळ्यांत बघून संवाद रचतात. रंग स्वतःचा स्वतः लावायचा, वेळ कमी पडला तर लांबवायचं, प्रेक्षक पेंगला तर संकासुरानं त्याला जागं करायचं. सगळी मदार नटावर. नटावर इतका विश्वास टाकणारी कला क्वचित असेल. चित्रपट मात्र उत्तरार्धात सूडकथेकडे वळतो आणि हा विश्वास काढून घेतो. पार्श्वसंगीत दणाणायला लागतं, कॅमेरा संथगतीत जातो, खलनायक आल्या आल्या खलनायक म्हणून कळतात. प्रभावळकर नुसत्या मानेनं जे सांगतात ते आपल्याला पुन्हा ढोल वाजवून सांगितलं जातं.

शिवाय कोकणातल्या खाणींचा आणि जंगलाचा प्रश्न. चित्रपटाचा कणा तोच आहे. पण खाण ही खलनायकाला मारून संपणारी गोष्ट नाही. तिच्यात परवाने असतात, जमिनीचे कागद असतात, गावातली दोन गटांत वाटली गेलेली माणसं असतात, नोकरी हवी असलेली मुलंही असतात. हे सारं सूडाच्या भरात बाजूला पडतं.

यातलं आम्ही बाहेर येऊन काय बोललो? काहीच नाही. ‘काम काय केलंय!’ नटाचं कौतुक केलं की चित्रपटाबद्दल बोलावं लागत नाही. लग्नात जेवणाचं कौतुक केलं की लग्न कसं ठरलं ते विचारावं लागत नाही, तसंच. (हशा) एवढ्या मोठ्या नटाचा खरा मान राखायचा तर ‘त्यांच्या कामाला चित्रपट पुरला का?’ हे विचारायला हवं होतं. आमचं उत्तर, निम्मा पुरला.

आता तिसरं वाक्य. यासाठीच खरं तर आज उभे आहोत.

‘दशावतार’च्या पुढच्याच शुक्रवारी, १९ सप्टेंबरला, ‘सबर बोंडा’ लागला. दिग्दर्शक रोहन कानवडे. त्याच वर्षाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागात त्याला ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं होतं. पेपरात वाचलं, म्हटलं जाऊ या. लहानसं सभागृह, पंधराएक माणसं.

वडील गेल्यावर मुंबईत राहणारा आनंद आईबरोबर गावी येतो. दहा दिवसांचं सुतक. काय खायचं, काय घालायचं, कुठे जायचं नाही, याचे नियम नातेवाईक सांगतात. आणि त्याच दिवसांत लग्नाचा विषय काढतात. गावात त्याचा लहानपणचा मित्र आहे, बाळ्या. शेळ्या राखणारा, तोही बिनलग्नाचा. या दोन पुरुषांमध्ये हळूहळू पुन्हा प्रेम उमलतं. सबर बोंडा म्हणजे निवडुंगाचं फळ. वरून काटे, आतून लाल, गोड. नावाचा अर्थ आपला आपल्याला कळतो, कोणी समजावत नाही.

बाहेर आलो. एरवी रिक्षात बसेपर्यंत आमचं भांडण सुरू होतं. त्या दिवशी सिग्नल गेला, पूल गेला, कोणी बोलेना. मग एक म्हणालं, ‘संथ आहे.’ दुसरं म्हणालं, ‘हो, संथ आहे.’ आणि दोघांनाही हायसं वाटलं.

शेजारच्या काकूंनी विचारलं, त्यांनाही तेच सांगितलं. ‘चांगला आहे, पण संथ आहे. टीव्हीवर येईल तेव्हा बघा.’ आता मंडळी, थिएटरात लहान सिनेमाचं आयुष्य या एका वाक्यावर असतं. त्याला मोठ्या जाहिराती नसतात. तो शुक्रवार ते गुरुवार तोंडोतोंडी जगतो. आम्ही दोघांनी मिळून पाच-सात जणांना तरी ‘संथ’ सांगितलं असेल. पुढच्या आठवड्यात आमच्या जवळच्या थिएटरातून तो गेला होता. आमच्यामुळे गेला असं म्हणणं म्हणजे स्वतःला फारच मोठं समजणं. पण आमचा हातभार होता.

मग भाषणाच्या निमित्तानं आम्ही एकमेकांना विचारलं, नेमकं कुठे संथ होता? सांगा बरं. कॅमेरा पुष्कळ वेळ एका जागी थांबतो, खरं. पार्श्वसंगीत नाही, खरं. पण ‘कोर्ट’मध्येही कॅमेरा थांबत होता, आणि तो आम्ही चार जणांना आग्रहानं बघायला लावला होता. शिवाय सुतकाचे दहा दिवस तुम्ही बसून काढलेत की नाही? वेळ जाता जात नाही. बायका आत, पुरुष ओसरीवर, मध्येच कोणी येतं, रडतं, चहा घेतं, जातं. त्या दिवसांची चाल चित्रपटानं बरोबर पकडली आहे. एकदोन दृश्यं आम्हांला आजही लांबलेली वाटतात. नातेवाईक जरा एकाच सुरात बोलतात, हेही म्हणू. ही खरी तक्रार आहे, ती करायला हरकत नाही.

पण त्या रात्री आम्ही जे ‘संथ’ म्हणालो ते या तक्रारीपोटी नव्हतं. दोन पुरुष एकमेकांजवळ झोपलेत, पडद्यावर शांतता आहे, मागच्या रांगेत कोणी तरी फिसकन हसलं, आणि आम्ही खुर्चीत चुळबुळलो. संगीत असतं तर त्याच्या आड लपता आलं असतं. पण काहीच नव्हतं, आमचा श्वास आम्हांला ऐकू येत होता. तेवढी मिनिटं लवकर संपावीत असं वाटलं, म्हणून वेळ लांबला. आम्हांला अवघडल्यासारखं झालं होतं, आणि अवघडलो असं म्हणायची लाज वाटली म्हणून आम्ही चित्रपटाला संथ म्हटलं.

त्याहून आतली गोष्ट पुढे आहे. त्या चित्रपटातली आई. तिला मुलाचं सगळं माहीत आहे, आणि ती त्याच्या बाजूनं उभी आहे, मोठं भाषण न करता. आम्ही ‘काय आई आहे!’ म्हणून तिचं कौतुक करत होतो. पण घरात आम्ही तिच्या जागी नव्हतो हो. आम्ही त्या नातेवाइकांच्या जागी होतो. काही वर्षांपूर्वी जवळच्या नात्यात एक मयत झालं. दहाव्याला गेलो होतो. तिथे तिशी ओलांडलेल्या मुलाला, ज्याचे वडील नुकतेच गेले होते, आम्हीच विचारलं, ‘आता लग्नाचं मनावर घे, आईला सोबत होईल.’ प्रेमानं विचारलं. चित्रपटातले लोकही प्रेमानंच विचारतात.

त्याच मुलानं यंदा फोनवर विचारलं, ‘काका, सबर बोंडा बघितलात म्हणे. कसा वाटला?’ आणि आम्ही म्हणालो, ‘संथ आहे रे.’ तो म्हणाला, ‘बरं.’ आणि दुसऱ्या विषयावर गेला.

त्यानं का विचारलं, आम्हांला माहीत नाही. कदाचित नुसतं सिनेमा म्हणून विचारलं असेल. त्याच्या आयुष्याबद्दल अंदाज बांधणं हा आमचा हक्क नाही. पण समजा, त्याला खरंच काही ऐकायचं असेल, तर आम्ही एका शब्दात दार लावून घेतलं.

म्हणून आम्ही घरात एक नियम केलाय. बाहेर पडताना कोणी ‘संथ’ म्हणालं की दुसऱ्यानं विचारायचं, ‘कुठे? कोणत्या दृश्यात?’ कोणी ‘रडवलं’ म्हणालं की, ‘कोणासाठी?’ आणि ‘काम काय केलंय’ म्हणालं की, ‘आणि सिनेमा?’ उत्तर आलं तर ते मत. नाही आलं तर घरी जाऊन विचार करायचा, आणि तोवर शेजारी सांगायचं नाही. खुर्चीखालचा पेला आता उचलतो, हे वेगळं सांगायला नको.

आणि त्या मुलाला आम्ही परवा परत फोन केला. म्हटलं, ‘त्या सिनेमाबद्दल आम्ही चुकीचं सांगितलं. संथ नव्हता. आम्हीच अवघडलो होतो. आई फार आवडली.’ तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘काका, दिवाळीत येतो तेव्हा बोलू.’

दुसऱ्या रांगेतून हात वर झालाय, म्हणजे वेळ संपली. आता प्रश्न विचारा, आणि ‘भाषण संथ होतं’ असं म्हणायचं असेल तर कुठे ते सांगा. (हशा, टाळ्या)