पेसोआची गाईड आणि माझे तीन दिवस

लिस्बनबद्दल मी वाचलेलं सगळ्यात कंटाळवाणं पुस्तक लिस्बनच्याच सगळ्यात मोठ्या आधुनिक कवीचं आहे. फर्नांदो पेसोआनं १९२५च्या सुमारास परदेशी पाहुण्यांसाठी इंग्रजीत एक गाईड लिहिली : ‘लिस्बन : व्हॉट द टूरिस्ट शुड सी’. पेसोआ १९३५मध्ये गेला. मागे राहिलेल्या पेटीत पंचवीस हजारांहून जास्त कागद निघाले, त्यांत हीही होती. ती छापली गेली थेट १९९२मध्ये.

माझ्या हातात लिस्बनसाठी तीन दिवस आहेत, आणि पहिलीच खेप. शेंगेन व्हिसासाठी दिवसवार कार्यक्रम लिहायला बसलो, तर प्रत्येक रीलमध्ये तेच : बेलेंचा बुरूज, २८ नंबरची ट्राम, पाश्तेल द नाता. म्हटलं, यादीच हवी तर कवीला विचारू. कवीनंही यादीच दिली.

पुस्तकात प्रवासी बोटीनं तेजू नदीतून येतो. मग ‘आम्ही’ त्याला मोटारीत बसवून शहरभर फिरवतो. चौक, पुतळे, चर्च, संग्रहालयं. कुठलं कधी बांधलं, शिल्पकार कोण. सगळंच सुंदर, सगळंच उल्लेखनीय. कुणाला भूक लागत नाही, कुणाचे पाय दुखत नाहीत. आणि निवेदक कोण, तेही कळत नाही. आल्बेर्तु काएरु, रिकार्दु रैश, आल्व्हारु द काम्पुश अशी कवींची अख्खी मंडळी स्वतःतून जन्माला घालणारा, प्रत्येकाला वेगळं चरित्र आणि वेगळी शैली देणारा हा माणूस. एवढे ‘मी’ गाठीशी असून गाईड लिहिताना त्यानं एकही वापरला नाही. उरला तो फक्त सरकारी ‘आम्ही’.

हा आळस आहे असं मला वाटत नाही. पेसोआचं बालपण दक्षिण आफ्रिकेत, डर्बनला गेलं, शाळा इंग्रजी. १९०५मध्ये, सतराव्या वर्षी तो लिस्बनला कायमचा परतला. इंग्रजी वाचणाऱ्या जगाला आपला देश किती थोडा ठाऊक आहे, हे त्याला नीट माहीत असणार. पाहुणे आले की आपण हॉलमधलं शोकेस दाखवतो, मोरी दाखवत नाही. ही गाईड म्हणजे ते शोकेस आहे. त्यातला अभिमान खरा आहे, म्हणून पुस्तकाचा राग येत नाही.

पण एका ठिकाणी मी अडतो. जेरोनिमुश मठाचं गाईडला फार कौतुक आहे. राजा मानुएलनं १५०१च्या सुमारास तो बांधायला घेतला; पैसा आला आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावरच्या करातून. आत वास्को द गामाची कबर आहे. तो १५२४मध्ये कोचीला वारला, तिथंच पुरला गेला, नंतर त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. समोर कवी कामोइंशची कबर. तो काही वर्षं गोव्यात राहिला होता. १५१०मध्ये आल्बुकेर्कनं गोवा घेतला, १९६१मध्ये तो सुटला. गोव्यातल्या एका शहराचं नाव अजूनही वास्को आहे. कोकण-गोव्याकडच्या माणसासाठी ही इमारत नुसती ‘उल्लेखनीय’ कशी असेल? कारागिरी बघून आपणही थक्क होऊ, आणि हे उभं करायला पैसा कुठून आला हेही आठवेल. दोन्ही एकदम.

गाईडची खरी मर्यादा मला इथं दिसते. काय पाहायचं ते ती सांगते; पाहणारा कोण, हे विचारत नाही. तिचा प्रवासी कुठूनही आलेला नाही. आजच्या ‘टॉप टेन’ याद्यांचाही तोच.

त्याच काळात पेसोआ दुसरं लिस्बन लिहीत होता. ‘बुक ऑफ डिस्क्वाएट’ १९८२मध्ये पुस्तकरूपात आलं. त्यातला बेर्नार्दु सुआरिश हा हिशेबनीस रुआ दुश दोरादोरिश या गल्लीत नोकरी करतो आणि तिथंच राहतो. खातेवही, मालक, खिडकी, पाऊस. प्रवास करायची गरजच काय, असं त्याचं म्हणणं. दिवसभर जिराची तिकिटं बंद करणाऱ्या मला हा माणूस लगेच कळतो. पण त्याच्यामागे जाण्यातही एक फसगत आहे. शियादु भागात ‘आ ब्राझिलैरा’ कॅफेबाहेर पेसोआचा ब्राँझचा पुतळा १९८८पासून बसलाय, शेजारी रिकामी खुर्ची ठेवून. लोक तिच्यावर बसून सेल्फी काढतात. यादी न मानणारा कवी आता स्वतःच यादीत आहे.

म्हणून मी दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून बेत केला. पहिला दिवस बायशा, पायी. १ नोव्हेंबर १७५५च्या भूकंपानंतर नव्यानं आखलेल्या या सरळ रस्त्यांतच सुआरिशची गल्ली आहे. मग चढून आल्फामा, भूकंपातून बरंचसं वाचलेलं जुनं लिस्बन. थोडे दिवस हाताशी असणाऱ्यानंही ते चुकवू नये, असं गाईडही सांगते. दुसऱ्या दिवशी १५ नंबरच्या ट्रामनं बेलें. मठ सोमवारी बंद असतो, म्हणून वार बघून. त्या दोन कबरींपाशी मी घाई करणार नाही. गाईड पुढं सिंत्राला नेते. ते मी सोडलंय. तिसरा दिवस मोकळा आहे, पण अर्जात मोकळा दिवस बरा दिसत नाही, म्हणून तिथं ‘शहरात फेरफटका’ असं लिहिलंय.

गाईड जरूर वाचा, छोटीशी आहे. फक्त एकटी वाचू नका.