नटीची पूजा आणि आत्मशोधाचे नृत्य

नृत्याच्या द्वारे माणसास स्वतःची ओळख पटते, या कल्पनेचे आज बरेच स्तोम आहे. अमेरिकेतील गॅब्रिएल रॉथ यांनी तिला एक पद्धती दिली. प्रवाह, तुटक आघात, कल्लोळ, लालित्य आणि स्थैर्य अशा पाच लयींतून नाचणाऱ्याने क्रमाने जावे, पावले ठरलेली नसावीत, प्रेक्षकही नसावा, असे तिचे स्वरूप आहे. तिच्यामुळे कित्येकांच्या मनावरील ओझे उतरले असेल. त्याविषयी वाद नाही. प्रश्न निराळा आहे. संहिता आणि प्रेक्षक वजा केल्यावर माणूस बदलतो, की केवळ मोकळा होतो?

या दृष्टीने रवींद्रनाथांची ‘नटीर पूजा’ (१९२६) पुन्हा वाचण्याजोगी आहे. अजातशत्रूने बुद्धपूजेस बंदी केली आहे, आणि राजवाड्यातील नटी श्रीमती हिने पूजास्थानापुढे नाचावे अशी आज्ञा होते. स्थान भ्रष्ट व्हावे, नटीचीही विटंबना व्हावी, हा हेतू उघड आहे. श्रीमती आज्ञा मोडीत नाही. ती नाचते, नाचता नाचता एकेक अलंकार उतरवून टाकते, आणि अखेर नटीच्या वेषाखालून भिक्षुणीचे वस्त्र दिसू लागते. आज्ञेचे पालन होते आणि तिचा अर्थ मात्र पार उलटतो. श्रीमती प्राणास मुकते.

नाटक म्हटले की आपणां मराठी वाचकांस संवाद आठवतो. येथे निर्णायक कृती संवादाबाहेर घडते. शिवाय श्रीमती नृत्याचे बंधन झुगारून मोकळी होत नाही. जी विद्या तिची चाकरी होती, तीच ती पूजेस लावते. आणि तिला प्रेक्षक हवा आहे, तोही प्रतिकूल. राजकन्या रत्नावली समोर नसती तर त्या नृत्याने श्रीमतीचे समाधान झाले असते, साक्ष घडली नसती. ‘चित्रांगदा’ १८९२ मध्ये काव्यनाट्य होती, १९३६ मध्ये नृत्यनाट्य झाली. परंतु तिच्यातील नृत्य बहुतांशी गीताचा अर्थ सांगते. ‘नटीर पूजे’त नृत्य हेच कृत्य आहे.

रवींद्रनाथांनी १९१९ मध्ये सिल्हेट येथे मणिपुरी नृत्य पाहिले आणि पुढे शांतिनिकेतनात मणिपुरी गुरू आणविले. श्रीमतीची भूमिका केली ती नंदलाल बोस यांची कन्या गौरी हिने. कुलीन घरातील मुलीने लोकांपुढे नाचणे त्या काळी निंद्य समजले जाई. म्हणजे नटीवरील लांच्छनाचा काही अंश त्या तरुण मुलीनेही पत्करला होता. आणि तो एकांतातल्या नृत्याने पत्करता आला नसता.

ज्या नृत्याचा शेवट मृत्यूत होतो त्यास आत्मविकास कसे म्हणावे, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. श्रीमतीला स्वास्थ्य मिळत नाही. आजवर ती ज्यांच्या आज्ञेत होती, त्यांच्यादेखत ती निराळी कोणी होते, इतकेच. छापील पुस्तकात मात्र या प्रसंगी एक गीत आणि थोड्या रंगसूचनाच हाती लागतात. म्हणून हे नाटक वर्गात केवळ ग्रंथ म्हणून शिकविताना त्याचा शेवटचा अंक दुबळा वाटतो, आणि तसा अभिप्राय पुस्तक मिटवूनच दिलेला असतो.