स्वाक्षरीचे हातमोजे आणि खाशाबांचें पदक

विख्यात मुष्टियोद्ध्यांनीं वापरलेले अथवा स्वाक्षरी केलेले हातमोजे विकण्याचा मोठा व्यापार अमेरिकेंत चालतो. १९६५ सालच्या महंमद अली व लिस्टन यांच्या सामन्यांतील हातमोज्यांस २०१५ सालीं लिलावांत साडेनऊ लक्ष डॉलरांहून अधिक किंमत आली. ही किंमत चामड्याची नव्हे, हें उघड आहे. मग ती कशाची?

हेवीवेट अजिंक्यपदाची झुंज दोघांचीच कधीं नसते. १९१० च्या ४ जुलैस रीनो येथें कृष्णवर्णीय जॅक जॉन्सननें गोऱ्या जेफ्रीजला लोळविलें, आणि अमेरिकेच्या अनेक शहरांत दंगे उसळून माणसें मेलीं. त्याच वर्षीं लंडनांत आपल्या गामानें झिबिस्कोस जवळजवळ तीन तास झुंजविलें. कुस्ती बरोबरींत सुटली, आणि पुढच्या आठवड्यास झिबिस्को आखाड्याकडे फिरकलाच नाहीं! १९३८ सालीं जो लुईनें श्मेलिंगचा निकाल १२४ सेकंदांत लावला, तेव्हां तो नाझी वंशाभिमानाचाच पराभव मानला गेला. (श्मेलिंग स्वतः नाझी पक्षाचा सभासद नव्हता, पण जमावाच्या हिशेबांत असल्या बारकाव्यांस जागा नसते.)

हातमोज्यांवरील स्वाक्षरी यांतलें कांहींच सांगत नाहीं. 'यास अमक्याचा हात लागला', एवढीच तिची साक्ष. आणि ती साक्षही बनावट निघाल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत.

आमच्या मनमाडच्या आसपास यात्रांतून कुस्त्या होतात. त्यांत इनाम वर्गणीचें असतें, आणि जिंकणाराच्या डोक्यास फेटा बांधला जातो. त्यावर सही मागण्याचें कोणास सुचत नाहीं. कारण तें इनाम मुळांत गांवाचेंच.

कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनीं १९५२ सालीं हेलसिंकीस मिळविलेलें कांस्यपदक याच जातीचें आहे. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खाशाबा वजनानें हलक्या, बँटमवेट गटांतले. पण त्यांच्यामागें उभें राहिलेलें बळ हलकें नव्हतें. प्रवासासाठीं गांवकऱ्यांनीं वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं सात हजार रुपयांस स्वतःचें घर गहाण टाकलें. परतल्यावर १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.

त्याच पदकाचा लिलाव करूं, असें २०१७ सालीं खाशाबांच्या चिरंजीवांस जाहीर करावें लागलें. कारण कुस्ती अकादमीचें सरकारी आश्वासन वर्षानुवर्षें तसेंच पडून होतें. पित्याचें पदक बाजारांत मांडणें अशोभनीय, असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. संग्राहकाच्या दारीं गेलेला हातमोजा किंमत मागतो. या पुत्रानें मागितली ती थकबाकी. ज्या समाजानें वर्गणी देऊन पदक आपलें केलें, त्यासच त्यानें तें दाखविलें. दुसऱ्या कोणास दाखवावयाचें होतें?

खाशाबा १९८४ सालीं अपघातांत गेले. अर्जुन पुरस्कार त्यांस मिळाला तो मरणोत्तर.