शेवटचे कडवे

कवितेला मान द्यावा आणि गाण्याला टाळी द्यावी, अशी आपल्या टीकाकारांची जुनी वाटणी आहे. ह्या वाटणीत वामनदादा कर्डकांच्या पदरी टाळ्या अमाप पडल्या. त्यांच्या निधनाला वीस वर्षे उलटून गेली, तरी त्यांची गाणी थांबलेली नाहीत. पण ती गाणी रचली कशी गेली आहेत, त्यांतले चांगले कोणते आणि उणे कोणते, हे कोणी घरातल्या चार माणसांत बसून बोलताना मी फारसे ऐकलेले नाही. दिवाळी अंकाच्या वाचकाला फराळाच्या ताटाशेजारी एखादा लेख सावकाश वाचण्याची सवड असते, म्हणून हा विषय येथे काढतो.

मी अंबरनाथला राहतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही एका रुळावरची तीन गावे. बदलापूरला आगगाडी 1856 साली पोहोचली. उल्हासनगर हे लढाईच्या काळातल्या लष्करी छावणीत सिंधहून आलेल्या निर्वासितांनी वसविले आणि 1949 साली त्याला हे नाव मिळाले. आमच्या अंबरनाथला शिलाहारांच्या काळचे शिवालय आहे, दारूगोळ्याचा कारखाना आहे, आणि मागल्या पिढीची कितीतरी माणसे काड्यापेट्यांच्या कारखान्यात पाळ्या करीत. नाशिक, नगर, मराठवाडा येथून पोटासाठी आलेल्या माणसांनी गाठोड्यांबरोबर गाणीही आणली. एप्रिल महिना लागला की ह्या तिन्ही गावांतल्या वस्त्यांत मांडव उभे राहतात, कर्णे बांधले जातात आणि चौदा तारखेपर्यंत रात्री जागत्या होतात. शेजारच्या कल्याणात प्रल्हाद शिंदे राहत. त्यांच्या मुलांचे, आनंद आणि मिलिंद शिंदे ह्यांचे आवाज तर पानाच्या गादीवरही वाजतात. गाणाऱ्यांची नावे आमच्याकडे लहान पोरांनाही पाठ आहेत. रचणाऱ्याचे नाव विचारा, आणि पाहा!

दोन वर्षांपूर्वी एका शाळेच्या स्नेहसंमेलनाला मी पाहुणा म्हणून गेलो होतो. सातवीतल्या एका मुलीने वामनदादांचे गाणे म्हटले, आणि झकास म्हटले. छापील कार्यक्रमपत्रिकेत गाण्यापुढे कवीचे नाव घालण्याची जागा होती. तेथे शब्द होता – ‘पारंपरिक’. ज्या माणसाने 15 मे 2004 रोजी नाशिकला डोळे मिटले, तो वीस वर्षांत परंपरा झाला! आपला लेखाधिकाराचा कायदा कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याचा हक्क मानतो. म्हणजे 2064 सालच्या अखेरीपर्यंत ही गाणी कायद्याने वामन कर्डकांचीच आहेत. कोणी म्हणेल, गाणे लोकांचे झाले ह्याहून मोठा सन्मान कोणता? हे बोलणे गोड आहे. परंतु कुसुमाग्रजांच्या कवितेपुढे कोणी ‘पारंपरिक’ असे छापील काय? मग हा सन्मान एकाच्याच वाट्याला का यावा?

वामनदादांचा जन्म 15 ऑगस्ट 1922 चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. ते आठ वर्षांचे होण्यापूर्वीच, 2 मार्च 1930 रोजी, त्यांच्याच जिल्ह्यात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. मुंबईला येऊन मजुरी केली, किरकोळ जिन्नस विकले, शिवडीच्या चाळींत राहिले. चाळीतल्या एका बाईने पत्र वाचून मागितले, ते वाचता येईना, आणि त्या शरमेपोटी हा जवान देहलवी मास्तरांकडे अक्षरे गिरवू लागला, असे सांगतात. पुढे दुकानांच्या पाट्या वाचीत त्यांनी अक्षरओळख पक्की केली. सिनेमात नट व्हावे म्हणून स्टुडिओंच्या दारांशीही ते जाऊन आले. 1943 साली एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर विडंबन रचले आणि लोक हसले. तेथून गाणे सुरू झाले. त्याच सुमारास नायगावला बाबासाहेबांना पाहिले-ऐकले, आणि हसविण्यासाठी धरलेली लेखणी दुसऱ्या कामाला लागली.

ह्यानंतरचा हिशेब पाहण्याजोगा आहे. ‘वाटचाल’ हा त्यांचा पहिला संग्रह 1973 साली निघाला. ‘मोहोळ’ 1976 चा. म्हणजे गाणे सुरू झाल्यापासून छापील पुस्तक हाती येईपर्यंत तीस वर्षे गेली. ह्या तीस वर्षांत 1956 ची नागपूरची दीक्षा झाली, बाबासाहेब गेले, पक्ष फुटले. आणि हा माणूस गावोगाव गात हिंडत होता. मध्येच ‘सांगत्ये ऐका’सारख्या गाजलेल्या बोलपटात त्यांचे गाणे आले, पण त्या वाटेला ते रमले नाहीत. दहा हजारांच्या घरात गाणी रचली, असे सांगण्यात येते. आकडा थोडा इकडेतिकडे असला तरी बिघडत नाही. ध्यानात घ्यावयाचे ते हे, की ह्या गाण्यांचा पहिला वाचक हा वाचक नव्हताच. तो दिवसभर राबून आलेला, मांडवाच्या कडेला उभा असलेला, बहुधा निरक्षर माणूस होता. त्याला ओळ उलटून पाहण्याची सोय नव्हती. पहिल्या ऐकण्यात ओळ कळली पाहिजे, दुसऱ्या वेळी ध्रुवपद आले की झील धरता आली पाहिजे, आणि घरी जाताना ती तोंडात राहिली पाहिजे. मी कादंबऱ्या लिहितो; माझा वाचक कंटाळला तर चार पाने सोडून पुढे जातो आणि मला ते कळतही नाही. मांडवातला माणूस कंटाळला तर कवीच्या डोळ्यांदेखत उठून जातो. ह्या परीक्षेला आपल्यांतले किती जण उतरतील?

आता त्यांची तीन गाणी घेतो. ओळी उतरवून घेत नाही. ज्यांना पाठ आहेत त्यांना गरज नाही, आणि ज्यांना पाठ नाहीत त्यांनी ती ऐकावीत हे बरे.

पहिले पाण्याचे. तहानलेला जीव दारातल्या माउलीला पाणी मागतो आहे; फार नको, आपले लहानसे गाडगे भरावे एवढेच. ह्या गाण्याचा सगळा जीव एका क्रियापदात आहे. तो पाणी ‘दे’ म्हणत नाही, ‘वाढ’ म्हणतो. आपण पानात अन्न वाढतो, त्यात माया असते. पण ज्याला पाणवठ्याला शिवण्याची बंदी होती, त्याने खाली गाडगे धरायचे आणि वरच्याने वरून धार सोडायची, हेही ‘वाढणे’च होते. एकाच शब्दात आईची माया आणि विटाळाचे अंतर ही दोन्ही बसली आहेत, आणि कवी कोठेही थांबून हे समजावून सांगत नाही. महाडचे चवदार तळे 20 मार्च 1927 ला घडले; ते इतिहासाच्या पुस्तकात असते आणि परीक्षेला येते. ते का घडावे लागले, हे मला विचाराल तर मी हे गाणे ऐकवीन. त्यात राग नाही, शिवी नाही, घोषणा नाही. मागणे इतके लहान आहे की ते नाकारणाऱ्याचे मन आपोआप उघडे पडते.

दुसरे गाणे धनाच्या साठ्याचे. मागणारा तोच, पण आता तो दारात उभा नाही. देशातल्या मोठ्या उद्योगपतींची घराणी तो नावानिशी पुकारतो आणि आपला वाटा विचारतो. गंमत यमकाची आहे: त्या घराण्यांच्या आडनावांशीच ‘वाटा’ हा शब्द जुळतो. जणू मराठी भाषेनेच तो हिशेब आधी मांडून ठेवला होता, कवीने फक्त बोट दाखविले. आमच्या कारखान्यांच्या गावांत हे गाणे निराळेच लागते. पाळी सुटल्यावर भोंगा ऐकत घरी येणाऱ्यांना त्या आडनावांचा अर्थ पगाराच्या पाकिटात रोज कळत होता.

तिसरे सर्वांत अवघड. बाबासाहेबांच्या मताची माणसे पाच जरी निघाली असती, तरी त्यांच्या तलवारीचे टोक वेगळेच दिसले असते, असे त्यात आहे. हे मागणे परक्याकडे नाही, आपल्या माणसांकडे आहे. ‘असते’ ह्या एका शब्दावर प्रत्येक कडवे येऊन टेकते. व्याकरणात ह्याला आपण संकेतार्थ म्हणतो: जे झाले असते, पण झाले नाही. तोंडी नाव आहे, करणीत ते असते तर कसे झाले असते, असा त्याचा सूर. एप्रिलच्या रात्री, हारतुऱ्यांनी लडबडलेल्या व्यासपीठासमोर हे गाणे म्हणणे म्हणजे समोर बसलेल्या पुढाऱ्यांना त्यांच्याच मांडवात जाब विचारणे आहे. आणि पुढारी ताल धरतात! आणखी एक सांगतो. ह्या गाण्याच्या मात्रा मी बोटांवर मोजून पाहिल्या. ते ‘आनंदकंद’ वृत्तात आहे. सुरेश भटांसारख्या गझलकारांनी जे वृत्त मराठीत लोकप्रिय केले, तेच. पाट्यांवरून अक्षरे शिकलेल्या ह्या माणसाने ते कव्वाल्यांतून आणि सिनेमाच्या गाण्यांतून कानाने उचलले असणार. मी मॅट्रिकपर्यंत शिकलो, गण आणि यती फळ्यावर लिहून शिकविले, आणि तरी माझ्या हातून अशी एक निर्दोष ओळ उतरलेली नाही.

ह्याचा अर्थ सगळेच सोने आहे, असा नाही. हजारोंनी रचायचे म्हटले की पुनरुक्ती येणारच, आणि ती आली आहे. सूर्य, वादळ, दिवा, पहाट ह्या प्रतिमा इतक्या वेळा येतात की पुढेपुढे त्यांची ऊब जाणवत नाही. जयंतीच्या तारखेला माणसे जमली आहेत, आयोजक घाई करीत आहेत, म्हणून रचलेली कितीतरी गाणी त्या रात्रीपुरतीच होती. सिनेमाच्या चालीवर बेतलेल्या गाण्यांचे तर दुहेरी नुकसान झाले. मूळ चाल लोक विसरले तशी वरची अक्षरेही लंगडू लागली. भक्तांना हे बोलणे रुचणार नाही. पण सगळेच थोर म्हणून ओवाळणारा आणि सगळेच प्रचारकी म्हणून दूर सारणारा, दोघांचा परिणाम एकच होतो: कोणीच ओळ वाचीत नाही. आपली दहा भाषणे आणि शाहिरांचा एक जलसा सारखाच, असे बाबासाहेब म्हणत, ही आठवण आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. अभिमान रास्त आहे. मात्र त्या वाक्याच्या आडोशाने आपण जलशाला भाषणाच्या मापानेच मोजत राहिलो. पाणी वाढण्याचे गाणे दहा काय, शंभर भाषणांनीही होणार नाही. त्याचे काम वेगळे आहे.

राहिला प्रश्न नावाचा. आपल्या संतांनी अभंगाच्या शेवटी आपले नाव गोवले. तुकोबांचे, नामदेवांचे, चोखोबांचे, प्रत्येकाचे. वामनदादांनी तीच रीत पाळली. शेवटच्या कडव्यात ‘वामन’ येतो. हा केवळ शिक्का नव्हे. वर ज्यांना जाब विचारला त्यांच्याच रांगेत कवी स्वतःलाही आणून उभा करतो, म्हणून ते कडवे गाळले तर गाणे उपदेशासारखे ऐकू येते. आणि नेमके तेच कडवे गाळले जाते! ध्वनिफितींच्या दिवसांत फितीची बाजू भरत आली की शेवटचे कडवे कापत. माझ्या कपाटात अशा जुन्या फिती आहेत. वेष्टनावर गायकाचे रंगीत चित्र, संगीतकाराचे नाव, आणि कवीच्या जागी कोरा कागद. आता भ्रमणध्वनीवर अर्ध्या मिनिटाचे तुकडे फिरतात, त्यांत तर पहिल्या कडव्यापलीकडे काही उरतच नाही. उल्हासनगरात माझ्या ओळखीचे एक सिंधी दुकानदार आहेत. भगत कंवररामांचे नाव काढले की त्यांचे डोळे पाणावतात. 1939 साली मारल्या गेलेल्या त्या गायकाचे नाव त्यांच्या नातवंडांना ठाऊक आहे. त्यांच्या दुकानाच्या मागच्याच वस्तीत वामनदादा वाजत असतात, आणि तेथल्या नातवंडांना विचारावे तर ती गायकाचे नाव सांगतात.

वर्ध्याला 1993 साली पहिले आंबेडकरी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्षपद वामनदादांना दिले गेले. 1996 साली ‘माझ्या जीवनाचं गाणं’ हे आत्मकथन आले. मान मिळाला नाही असे म्हणता येणार नाही. हवी आहे ती नीट निवडलेली शंभर गाण्यांची एक वही: प्रत्येक गाणे शेवटच्या कडव्यासकट, कोणत्या चालीवर होते, कोठे आणि कोणी गायिले, ह्या नोंदींसह, किंमत अशी की रिक्षावाल्याला आणि धुणेभांडी करणाऱ्या बाईला घेता यावी. ती होईपर्यंत मी आपले घरगुती काम चालू ठेवले आहे. बदलापूरच्या एका गायनपार्टीतल्या वयस्क झीलकऱ्यांकडे रविवारी जाऊन बसतो. त्यांना गाणी पुरी येतात. ते म्हणतात, मी लिहून घेतो. आजवर एकोणतीस झाली आहेत. पहिल्या पानावर पाण्याचे गाणे आहे.