भुईगावचा दगड आणि संमतीपत्रावरची सही

पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये ‘संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्ता’ हा दोन क्रेडिटचा विषय तुमच्या वाट्याला येणारच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने तो २०१९ च्या अखेरीस सक्तीचा केला. एकूण तास ३०, घटक सहा. त्यातला पहिला घटक तत्त्वज्ञान आणि नीतिशास्त्राचा, त्याला तास ३. डेटाबेस आणि इम्पॅक्ट फॅक्टर वगैरेंना ७. या हिशोबावरून अभ्यासक्रमाचा कल लक्षात येतोच. त्या तीन तासांतही बहुधा काय होतं? नीती म्हणजे काय, नीतिशास्त्र म्हणजे काय, कांट काय म्हणाला, मिल काय म्हणाला, झालं. व्याख्या वहीत उतरतात आणि तिथेच राहतात.

माझं मत असं, की हे तीन तास एकाच मजकुरावर घालवावेत, आणि तो मजकूर वसई तालुक्यातच सापडलेला आहे. सोपारा, गास, भुईगाव ही एकमेकांना लागून असलेली गावं. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याच्या स्तूपाचं उत्खनन केलं. त्याच सुमारास अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा तिथे मिळाला. मग १९५६ मध्ये भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. तुकडाच तो, सगळा लेख वाचायचा तर गिरनार, कालसी अशा ठिकाणच्या प्रतींची मदत घ्यावी लागते. आपल्याला हवा आहे तो हा नववा.

त्याचा आशय थोडक्यात असा. लोक आजारपणात, मुलामुलींच्या लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना नाना तऱ्हेची मंगलकार्यं करतात. बायका तर फारच करतात, आणि त्यातली बरीच क्षुल्लक, निरर्थक असतात. मंगल करावं, पण असल्या मंगलाचं फळ थोडं. मोठं फळ देणारं मंगल वेगळं, ते धम्ममंगल: दास आणि नोकरांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा मान राखणं, प्राण्यांच्या बाबतीत संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान.

आता हा मजकूर नीतिशास्त्राचा विद्यार्थी म्हणून वाचा. पहिला भाग वर्णनाचा आहे: लोक काय करतात. दुसरा आदर्शाचा: काय करायला हवं. पाठ्यपुस्तकात ‘वर्णनात्मक’ आणि ‘आदर्शात्मक’ असे दोन रकाने पाडलेले असतात, ते इथे एका दगडावर शेजारी-शेजारी आहेत. आणि गंमत बघा, वर्णन म्हणून लिहिलेलं वाक्यही निर्मळ राहत नाही. बायकांच्या विधींना क्षुल्लक म्हणताना राजा निरीक्षणात निवाडा मिसळून मोकळा झाला. मूल जगेल की नाही याचीच खात्री नसलेल्या घरात ती बाई विधी कशासाठी करते, हे त्याने विचारलेलं दिसत नाही. तुमच्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात ‘अज्ञानामुळे महिला अमुक करतात’ असं वाक्य येईल तेव्हा हा लेख आठवा. येतंच ते वाक्य. सर्वेक्षणाचं असं प्रकरण त्याच्याशिवाय क्वचितच सापडतं.

मला या लेखातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती अशी, की विधी बंद करा असं अशोक म्हणत नाही. करा म्हणतो, पण त्याचं फळ किती ते ओळखून करा. आता विधीच्या जागी संमतीपत्र ठेवून पाहा. न्यूरेंबर्गच्या खटल्यानंतर, १९४७ मध्ये, माणसावर प्रयोग करायचा तर त्याची स्वेच्छेची संमती हवी हे तत्त्व ठामपणे मांडलं गेलं. अमेरिकेतल्या १९७९ च्या बेलमाँट अहवालाने व्यक्तीचा आदर, हित आणि न्याय ही तीन तत्त्वं पुढे आणली. या सगळ्यातून आपल्या हातात शेवटी काय आलं? एक छापील कागद, खाली सहीची जागा. सही मिळाली की कार्य सिद्धीस गेलं!

समजा, तुम्ही गासमध्ये विहिरींच्या पाण्यावर काम करताय. या भागात टँकरने पाणी उपसून नेण्यावरून मोठी आंदोलनं झालेली आहेत, म्हणजे विषय साधा नाही. वाडीत काम करणाऱ्या एखाद्या काकी तुमच्याशी कादोडीत मोकळेपणाने बोलतात; तुमचा फॉर्म मात्र सरकारी मराठीत. ‘मी स्वेच्छेने सहभागी होत आहे’ यावर त्या सही करतात, कारण पोरगं लांबून आलंय, उन्हात उभं आहे. मग त्या सांगतात, शेजारच्या विहिरीतून पाणी कोण विकतं. तुम्ही प्रबंधात त्यांना ‘माहितीदार क्र. ४’ केलंत, गावाचं नावही बदललंत. पण त्या आळीत तशा जागी विहीर एकच. वाचणाऱ्याला दोन मिनिटांत कळतं कोण बोललं आणि कोणाविषयी. कागदोपत्री तुमचं सगळं चोख आहे. काकींना मात्र उद्याही त्याच शेजाऱ्याच्या बांधावरून जायचं आहे.

आयोगाच्या २०१८ च्या नियमांत वाङ्मयचौर्याला टक्क्यांच्या पायऱ्या आहेत: १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, ६० च्या वर गेलं तर प्रबंधाची नोंदणीच रद्द. ते हवंच. पण विहिरीचं वर्णन किती टक्के द्यावं हे कुठलं सॉफ्टवेअर सांगणार? ते ठरवायला काकींकडे परत जावं लागतं, लिहिलेला उतारा त्यांच्या बोलीत वाचून दाखवावा लागतो, आणि ‘हे काढ रे’ म्हणाल्या तर काढावा लागतो. प्रकरणातला सगळ्यात चांगला उतारा असला तरी.

इथपर्यंत अशोक आपल्या बाजूचा. पण या लेखाला गुरू करून घेऊ नका. त्याच्यातही दोन मोठ्या अडचणी आहेत. एक म्हणजे कारण. धम्ममंगल का करायचं, तर फळ मोठं म्हणून. कालसीच्या प्रतीत हा हिशोब आणखी उघड आहे: इतर विधींचं फळ संशयास्पद, याचं मात्र इथे नाही मिळालं तरी परलोकात मिळणार, आणि इथे मिळालं तर दोन्हीकडे लाभ. (गिरनारच्या प्रतीचा शेवट वेगळा आहे, तिथे धम्मदानाची थोरवी येते. एकाच लेखाच्या प्रती अशा फुटतात, म्हणून ‘अशोक म्हणतो’ असं लिहिताना कुठल्या प्रतीतला, हे लिहायची सवय लावून घ्या.) लाभासाठी केलेलं चांगलं काम चांगलं म्हणायचं का, हा प्रश्न कांटने १७८५ मध्ये टोकाला नेला. अशोकाला तो पडलेलाच दिसत नाही. नीतिसमितीची परवानगी ‘जर्नल मागतं म्हणून’ घेणाऱ्यालाही पडत नाही.

दुसरी अडचण मला जास्त टोचते. दासाशी नीट वागा, असं लेख सांगतो. तो दास का आहे, हे विचारत नाही. धम्ममंगल करावं असं कोणी कोणाला सांगावं, तर बापाने, मुलाने, भावाने, मालकाने. त्या यादीत दास नाही. त्याच्याशी चांगलं वागायचं म्हणजे नेमकं कसं, हे ठरवणाराही मालकच. संशोधक आणि माहितीदार यांच्यातही असंच असतं: प्रश्न आपले, फॉर्म आपला, काय गाळायचं तेही आपण ठरवणार, आणि पदवीही आपल्यालाच. आपण सौम्यपणे वागलो एवढ्याने ती रचना बदलत नाही. त्यामुळे आराखडा सादर करायच्या आधी एकदा गावात जा आणि तुमचे संशोधन-प्रश्न ज्यांच्यावर आहेत त्यांनाच वाचून दाखवा. यातला कुठला प्रश्न चुकीचा आहे असं विचारा. गासला गेलात तर विहिरीच्या प्रश्नावरून सुरुवात होईल बहुतेक.