आरसा गेला, पण सोबत काय काय घेऊन गेला?



आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, हा दुकानातला प्रश्न व्याख्यानात कशाला? पण यवतमाळ जिल्ह्यात आम्हाला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच आहे: "दादा, जुना डीएसएलआर विकून नवीन मिररलेस घेऊ का?" विचारणारा बहुतेक पंचविशीतला असतो. पुसद, वणी, दिग्रस, आर्णी, असा कुठलातरी. तुळशीचं लग्न लागलं की ऑर्डरी सुरू, उन्हाळ्यात सुट्टी मिळाली की टिपेश्वरची एक सफारी. हातात साठ-सत्तर हजार, त्यातले थोडे उसने. त्याची खरेदी चुकली तर हौस बिघडत नाही, सिझन बुडतो. म्हणून हा प्रश्न आम्ही गांभीर्यानं घेतो.

हवेत बोलण्यापेक्षा दोन यंत्रं समोर ठेवू. एक निकॉन डी7200, 2015 सालचा. दुसरा कॅनन आर50, 2023 सालचा. दोघांचा सेन्सर एपीएस-सी, दोघांचे मेगापिक्सेल 24.2. मधे आठ वर्षं. तक्ता पाहिला तर नवा सरळ जिंकतो. सेकंदाला सहा फोटोंच्या जागी बारा, आणि इलेक्ट्रॉनिक शटर लावलं तर पंधरा. फुल एचडीच्या जागी फोरके. वजन 765 ग्रॅमच्या जागी 375, म्हणजे निम्म्याहून कमी. मग भाषण इथेच संपवून चहाला जायला हरकत नाही. (हशा)

पण आमचं म्हणणं असं, की ही तुलना जुन्या आणि नव्याची नाहीच. ही तुलना दोन इयत्तांची आहे. डी7200 त्याच्या काळात मधल्या वर्गाचा, गंभीर कामाचा कॅमेरा होता. आर50 आजचा पहिल्या पायरीचा. कंपनी पहिल्या पायरीचा कॅमेरा बनवते तेव्हा काहीतरी कापते. आणि जे कापते ते तक्त्याच्या वरच्या चार ओळींत कधीच दिसत नाही.

आधी जे मिळालं त्याबद्दल मोकळ्या मनानं बोलू.

डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश आरशावर पडून वर डोळ्याकडे जातो. त्या आरशामागे एक छोटा दुसरा आरसा असतो. तो थोडा प्रकाश खाली, तळाशी बसवलेल्या फोकसच्या सेन्सरकडे पाठवतो. म्हणजे फोकस मोजला जातो एका जागी आणि फोटो उमटतो दुसऱ्या जागी. या दोन अंतरांत केसभर फरक पडला की फोकस डोळ्याऐवजी कानावर. त्यासाठीच डी7200 मध्ये प्रत्येक लेन्सगणिक फोकस जुळवून घ्यायची सोय दिलेली आहे. किती जणांनी ती वापरली? हात वर करा. बघा, दोन. (हशा)

मिररलेसमध्ये ही भानगडच नाही. ज्या सेन्सरवर फोटो उमटतो तोच फोकस मोजतो. कॅननची पद्धत अशी, की प्रत्येक पिक्सेलचे दोन भाग करायचे आणि डाव्या-उजव्या भागांनी पाहिलेलं जुळतं का ते बघायचं. 2013 च्या ईओएस 70डी मध्ये ही पद्धत पहिल्यांदा आली, तीच सुधारून आर50 मध्ये आहे. त्यावर आणखी ओळख शिकवलेली: माणसाचा डोळा, कुत्रा, मांजर, पक्षी. मांजर वाघाची मावशी म्हणतात, ते या कॅमेऱ्यालाही पटलेलं दिसतं. वाघ समोर आला की चौकट त्याच्या डोळ्याकडे जाते.

टिपेश्वरला गेलेल्यांना याची किंमत कळेल. अभयारण्य 148 चौरस किलोमीटरचं, सागाचं रान, मधे उंच गवत. जिप्सी हलतेय, वाघ रस्ता ओलांडतोय, तुमच्याकडे चार सेकंद आहेत. डी7200 चे 51 फोकस बिंदू चौकटीच्या काठापर्यंत पोचत नाहीत, आणि योग्य बिंदू अंगठ्यानं निवडेपर्यंत शेपूट झुडपात गेलेली असते. नव्या माणसाला तिथे मिररलेस जो आधार देतो तो खरा आहे. पाच वर्षांचा सराव तो एका दिवसात देतो असं आम्ही म्हणणार नाही, पण पहिल्या वर्षाचं रडू नक्की वाचवतो. पुढे गवताची पाती आली तर तोही फसतो. तेव्हा एकच बिंदू निवडायची जुनी विद्या इथेही येत असलेली बरी.

दुसरा लाभ व्हिडिओचा. डी7200 वर व्हिडिओ काढताना फोकस मागे-पुढे शोधत बसतो, ते हळदीच्या गडबडीत चालत नाही. आर50 फोरके काढतो आणि चेहऱ्यावर फोकस धरून ठेवतो. आज लग्नाच्या ऑर्डरीत रील मागतातच. ज्याचं अर्धं काम व्हिडिओचं आहे त्यानं डीएसएलआरच्या आठवणीत रमू नये.

आता जे कापलं त्याकडे येऊ.

सगळ्यात आधी कार्डाची जागा. डी7200 मध्ये दोन कार्डं बसतात आणि प्रत्येक फोटो दोन्हींवर लिहिता येतो. आर50 मध्ये एकच. घरी फुलांचे फोटो काढणाऱ्याला यानं काही फरक पडत नाही. पण लग्नात? काही वर्षांपूर्वी आमच्याच एका कामात, एक कार्ड असलेल्या कॅमेऱ्यातलं कार्ड रात्री संगणकावर उघडेना. मंगलाष्टकं, अक्षता, अंतरपाट दूर होतानाचा क्षण, सगळं त्यावर. पुढचे दोन दिवस ते सावरणाऱ्याकडे हेलपाटे मारले आणि बरंच परत मिळालं. पण त्या दोन दिवसांत मुलीच्या वडिलांचा फोन आला की आम्ही तो एकमेकांकडे सरकवायचो. कार्ड कुठल्याही कंपनीचं जाऊ शकतं, म्हणून त्या कार्डाचं नाव सांगण्यात अर्थ नाही. अर्थ एवढाच, की पुन्हा न होणाऱ्या क्षणाचे तुम्ही पैसे घेत असाल, तर दुसरी जागा ही चैन नाही. ती गिऱ्हाईकाशी केलेल्या कराराचा भाग आहे.

दुसरी गोष्ट बॅटरी. कॅमेरा उद्योगाच्या प्रमाणित चाचणीनुसार डी7200 एका चार्जमध्ये 1110 फोटो देतो. आर50 चा आकडा चारशेच्या आत राहतो, आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावून बसलात तर आणखी खाली येतो. प्रत्यक्षात सलग फोटो काढले तर दोघंही जास्त देतात, पण प्रमाण तेच राहतं. कारण सोपं आहे. डीएसएलआरमध्ये तुम्ही काचेतून पाहता, त्याला वीज लागत नाही. मिररलेसमध्ये तुम्ही एक छोटा टीव्ही पाहता. सकाळच्या सफारीत तीन-चार तास, त्यातले तीन तास नुसती वाट पाहण्यात. जुना कॅमेरा तेव्हा जवळपास झोपलेला असतो. नवा, चालू ठेवला तर, जागा राहून खातो. उपाय आहे, जास्तीच्या दोन बॅटऱ्या घ्या. पण मग त्या किमतीत धरा, आणि गावाकडच्या लग्नात लाइट गेली तर चार्ज कुठे करणार तेही आधीच ठरवा.

तिसरी गोष्ट कोणी सांगतच नाही. आर50 वर फ्लॅश लावायची जी पट्टी आहे तिथे जुन्या पद्धतीचे संपर्कबिंदू नाहीत. तुमच्याकडचा जुना फ्लॅश किंवा ट्रिगर त्यावर थेट चालणार नाही, कॅननचा वेगळा अडॅप्टर घ्यावा लागतो. स्टुडिओवाल्यांनो, ऐकताय ना? पाच वर्षांत जमवलेले फ्लॅश कपाटात बसतील. तीच गत आवाजाची. माइक लावायची सोय आहे, हेडफोनची नाही. डी7200 मध्ये दोन्ही आहेत.

चौथी, शटर. आर50 मध्ये पूर्ण यांत्रिक शटर नाही. पहिला पडदा कायम इलेक्ट्रॉनिक, आणि आवाज बंद केला तर दोन्ही. अगदी निःशब्द फोटो निघतात, होमाजवळ किंवा प्रार्थनेच्या वेळी हे फार छान. पण सेन्सर वरून खाली ओळीओळीनं वाचला जातो. मंडपातल्या एलईडी भिंतीसमोर त्यामुळे फोटोवर पट्टे उमटू शकतात, आणि जोरात फिरणारी गोष्ट वाकडी दिसू शकते. वेगाचंही तसंच. पंधराचा आकडा खरा, पण रॉमध्ये काढलंत तर धाव लगेच तुंबते, आणि कॅमेरा कार्डावर लिहून होईपर्यंत वाट पाहायला लावतो.

पाचवी, अंग. डी7200 च्या मागच्या आणि वरच्या भागाला मॅग्नेशियम मिश्रधातू आहे आणि धूळ-ओलाव्यापासून बचाव आहे. आर50 ला तसा बचाव नाही. मे महिन्यात पांढरकवड्याच्या बाजूला पुढच्या जिप्सीची धूळ खाल्लेल्यांना याचा अर्थ सांगायला नको. एक गंमत मात्र दोघांत सारखी आहे. दोन्ही कंपन्यांच्या पुस्तिकेत वापरायचं तापमान लिहिलंय शून्य ते चाळीस अंश. म्हणजे आपला अख्खा मे महिना पुस्तिकेच्या बाहेर! (हशा) तेव्हा सावलीत ठेवा, ओल्या नाही तर कोरड्या पांढऱ्या फडक्याखाली ठेवा, आणि उन्हात लांबलचक फोरके व्हिडिओ काढू नका.

मग फोटोच्या दर्जाचं काय? मुळात लोक त्यासाठीच बदलायला निघतात, आणि नेमकं तिथेच फारसं काही बदलत नाही. नीट उजेडात, नीट फोकस झालेला, अल्बमच्या पानाएवढा छापलेला फोटो दोघांतल्या कुठल्या यंत्राचा, हे आम्ही पैज लावून सांगू शकणार नाही. सावलीतला तपशील वर काढायला डी7200 चा सेन्सर आजही उत्तम आहे. नव्यामध्ये चुकलेले फोटो कमी निघतात हे खरं. पण जो फोटो जुन्यावर बरोबर निघाला, तो नव्यावर अधिक सुंदर निघत नाही.

आणि लेन्स. नव्या बाजूला परवडणारी लांब लेन्स म्हणजे आरएफ 100-400. वजन 635 ग्रॅम, हातात घेऊन मजा येते. पण 400 ला तिचं तोंड एफ8 पर्यंतच उघडतं. निकॉनची 200-500 सव्वादोन किलोंच्या आसपास, खांदा मोडते, पण 500 लाही एफ5.6. दुप्पट उजेड. पहाटे साडेसहाला सागाखाली या दुपटीचं मोल कळतं. फोकसनं कमावलेलं लेन्सनं घालवलं, असं होऊ शकतं. शिवाय निकॉनच्या लेन्स ज्याच्याकडे आहेत त्याला कॅननकडे जाताना सगळ्या बदलाव्या लागतात. निकॉनच्याच मिररलेसवर गेलात तरी, ज्या जुन्या लेन्सना फोकसची मोटर नाही त्या एफटीझेड अडॅप्टरवर आपोआप फोकस करत नाहीत. डी7200 च्या अंगात ती मोटर आहे.

दुसऱ्या बाजूचंही ऐकू. 2020 नंतर कॅनन आणि निकॉन दोघांनीही नवा डीएसएलआर आणलेला नाही. रस्ता पुढे जात नाही, हे कबूल. आज घेतलेला जुना कॅमेरा सात वर्षांनी सुट्या भागांसाठी अडेल. सेकंडहँड घेत असाल तर शटर किती वेळा चाललंय ते आधी विचारा. डी7200 चं शटर दीड लाख वेळांसाठी तपासलेलं आहे, आणि लग्नवाल्याच्या हातातला कॅमेरा तिथवर लवकर पोचतो.

तर आमचा निवाडा. शिकणारा, फिरणारा, व्हिडिओ करणारा, पाठीवर ओझं नको असलेला, यानं बिनधास्त नवा घ्यावा. लग्नाचे पैसे घेणाऱ्यानं चालू असलेला, दोन कार्डांचा जुना कॅमेरा विकून पहिल्या पायरीचा मिररलेस घेऊ नये. घ्यायचाच तर सोबत घ्यावा, व्हिडिओसाठी. आणि पूर्ण बदलायचं असेल तर दोन कार्डांच्या मिररलेसपर्यंत पैसे जमेस्तोवर थांबावं. जुना कॅमेरा तुमच्या हाताच्या चुका माफ करत नाही. नवा, स्वस्तातला, परिस्थितीच्या चुका माफ करत नाही. हाताची चूक सरावानं सुधारता येते. गेलेलं कार्ड आणि संपलेली बॅटरी सरावानं परत येत नाही.

एका मुलानं मागून विचारलंय, "गिऱ्हाईक कॅमेरा बघून भाव करतं, त्याचं काय?" खरं आहे, करतं. छोटा कॅमेरा पाहून नाक मुरडतं, जुना पाहूनही मुरडतं. त्याच्या हातात मागच्या लग्नाचा अल्बम द्या, आणि सांगा, "काका, तुमचा प्रत्येक फोटो दोन ठिकाणी लिहिला जातो." हे वाक्य आम्ही त्या कार्डाच्या प्रकरणानंतर शिकलो. तुम्ही फुकटात शिका.