शेरा नाही म्हणजे चूक नाही का? एआय कोड-रिव्ह्यूचं डॉक्युमेंटेशन तपासताना

संशोधनासाठी एखादं टूल निवडलं की आपण काय करतो? 'सुरुवात कशी कराल' एवढं पान वाचतो, टूल चालू होतं, बाकीची पानं तशीच राहतात. कोड-रिव्ह्यू करणाऱ्या एआय टूलच्या बाबतीत ही सवय महागात पडू शकते. तुमचा निष्कर्ष टिकणार की पडणार, हे ठरवणारी वाक्यं नेमकी त्या न वाचलेल्या पानांवर असतात.

उदाहरण म्हणून गिटहब कोपायलटच्या कोड-रिव्ह्यूचं डॉक्युमेंटेशन घेऊ. ही सोय एप्रिल २०२५ मध्ये चाचणीच्या टप्प्यातून बाहेर आली. इथली चर्चा २०२५ मधल्या पानांपुरती आहे. भाषा सोपी आहे का, चित्रं आहेत का, हे आपण बघणार नाही. एकच प्रश्न विचारू: टूल गप्प बसलं, तर त्या गप्प बसण्याचा अर्थ काय, हे डॉक्युमेंटेशन सांगतं का?

आधी चांगलं काय ते. त्यात स्वच्छ लिहिलंय की कोपायलट फक्त 'कॉमेंट' प्रकारचा रिव्ह्यू देतो. तो मंजुरी देत नाही आणि बदल अडवतही नाही. आवश्यक मंजुऱ्यांमध्ये त्याचा रिव्ह्यू धरला जात नाही. म्हणजे जबाबदारी कोणाची, याचं उत्तर मिळालं: माणसाची. मर्यादांची यादीही आहे. चुका निसटू शकतात, नसलेल्या चुका दाखवल्या जाऊ शकतात, सुचवलेला कोड असुरक्षित असू शकतो. एवढा प्रामाणिकपणा सगळीकडे सापडत नाही, म्हणून त्याचं श्रेय द्यायला हवं.

आता अडचणी बघा.

पहिली अडचण वगळलेल्या फाइल्सची. लॉग, एसव्हीजी चित्रं आणि पॅकेज.जेसनसारख्या, प्रकल्पाची अवलंबित्वं नोंदवणाऱ्या फाइल्स हा रिव्ह्यू तपासतच नाही. हे लिहिलेलं आहे, पण वेगळ्या पानावर. आता कोड एखाद्या एआय एजंटनं लिहिलाय असं समजा. भाषा-मॉडेल्स कधी कधी अस्तित्वात नसलेल्या पॅकेजचं नाव बिनदिक्कत लिहून मोकळी होतात, आणि ते नाव या अवलंबित्वांच्या फाइलमध्ये जाऊन बसतं. म्हणजे एजंट जिथे घसरण्याची शक्यता आहे, त्यातली एक जागा तपासणीच्या बाहेर. तुमच्या डेटासेटमध्ये मात्र त्या फाइलसमोर 'शेरे: ०' असं येईल आणि तुम्ही ती 'निर्दोष' गटात टाकाल.

दुसरी अडचण जास्त मजेशीर आहे. प्रकल्पाचे नियम तुम्ही एका सूचनाफाइलमध्ये लिहून ठेवता. रिव्ह्यू त्या फाइलची फक्त पहिली ४,००० अक्षरं वाचतो. कोड लिहिणाऱ्या कोपायलट एजंटला ही मर्यादा लागू नाही. म्हणजे फाइल एकच, पण लिहिणाऱ्यासाठी नियम पूर्ण आणि तपासणाऱ्यासाठी अर्धवट! मर्यादा डॉक्युमेंटेशनमध्ये दिली आहे. पण तिचा परिणाम काय होतो, हे वाचकानं स्वतःच जोडून घ्यायचं. चाळीसाव्या ओळीवरचा नियम मोडला आणि रिव्ह्यू काही बोलला नाही, तर त्याला चूक दिसली नाही की नियमच दिसला नाही?

तिसरी अडचण मोजणीची. पुन्हा रिव्ह्यू मागितला तर आधी निकालात काढलेले शेरेही परत येऊ शकतात, असं डॉक्युमेंटेशन सांगतं. तुम्ही 'दर पुल रिक्वेस्टमागे शेरे' मोजत असाल, तर एकच शेरा दोनदा मोजला जाईल. शिवाय मर्यादांच्या यादीत 'चुकू शकतं' आहे, पण 'किती वेळा' नाही. वापरणाऱ्याला सावध करायला तेवढं पुरेल. संशोधकाला पुरत नाही.

तुम्ही म्हणाल, हे डॉक्युमेंटेशन ग्राहकांसाठी आहे, आपल्यासाठी नाही. मग ही अपेक्षा अन्यायाची नाही का? काही अंशी आहे. माणसांचा रिव्ह्यूही फक्त चुका शोधत नाही. बाकेली आणि बर्ड यांनी २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टमधल्या रिव्ह्यूंचा अभ्यास मांडला. चुका सापडाव्यात ही मुख्य अपेक्षा होती, पण हाती लागलं त्यात चुका अपेक्षेपेक्षा कमी होत्या. कोडची समज आणि माहितीची देवाणघेवाण असे इतर फायदेही मिळत होते. तेव्हा माणूस गप्प बसला, तरी कोड निर्दोष ठरत नाहीच. फरक एवढाच की सहकाऱ्याला आपण विचारू शकतो, "अरे, ती फाइल बघितलीस का?" टूलच्या बाबतीत या प्रश्नाचं भरवशाचं उत्तर आधी डॉक्युमेंटेशनमध्ये शोधावं लागतं. म्हणूनच ते विखुरलेलं असणं हा दिसण्यापुरता दोष नाही.

मग करायचं काय? कुठलंही असं टूल घेण्याआधी वहीत तीन ओळी लिहा: ते काय बघत नाही, त्याला दिलेल्या सूचना कुठे तुटतात, आणि तेच शेरे परत येतात का. उत्तर ज्या पानावर मिळालं ते तारखेसह जतन करा, कारण अशी पानं गाजावाजा न होता बदलतात आणि वर्षभरानं परीक्षक विचारतील तेव्हा तुमच्या हातात वेगळाच मजकूर असेल. मग स्वतः माहीत असलेल्या थोड्या चुका मुद्दाम पेरून बघा. त्यातल्या काही वगळलेल्या फाइल्समध्येही पेरा. आणि तक्त्यात 'तपासलं, सापडलं नाही' आणि 'तपासलंच नाही' असे दोन वेगळे रकाने ठेवा. दुसरा रकाना भरता येत नसेल, तर डॉक्युमेंटेशन पुन्हा उघडा. आणि तिथेही उत्तर नसेल, तर तसं प्रबंधाच्या मर्यादांमध्ये लिहा.